समुद्र दोन्हीकडे, पाऊस एकीकडे

काल फोनवर तुमच्या काकूने वेंगुर्ल्याच्या घराचं अंगण दाखवलं. पागोळ्या धो धो वाहत होत्या, माड वाकले होते, आणि मागून कोणीतरी ओरडत होतं की वीज गेली. तेव्हापासून तुम्ही दोघं माझ्या मागे लागला आहात. समुद्र तिकडे आहे तसा इथे दुबईतही आहे. अल बर्शाहून गाडीत बसलं की थोड्याच वेळात उम सुकैमच्या वाळूवर पाय ठेवता येतो. मग पाऊस तिकडेच का?

प्रश्न बरोबर आहे. पण "हे वाळवंट आहे म्हणून" असं उत्तर मला देऊ नका, ते उत्तरच नव्हे. वाळवंट आहे म्हणून पाऊस नाही, की पाऊस नाही म्हणून वाळवंट आहे, हे आधी ठरवा.

शिवाय यात आणखी एक मेख आहे. तुम्हाला वाटतं इथली हवा कोरडी. मग परवा रात्री आपण खाली दूध आणायला गेलो, तेव्हा लॉबीचं दार उघडताच माझा चष्मा पांढराफटक का झाला? एसीत थंड झालेली काच बाहेर आली आणि बाहेरच्या हवेतलं पाणी तिच्यावर येऊन बसलं. वेंगुर्ल्यात भर आषाढातसुद्धा माझा चष्मा असा आंधळा होत नाही. तिकडे आपल्याकडे एसी नाही हे खरं, पण तेवढंच कारण नाही.

हवेत पाणी किती हे सांगायला हवामानवाले दवबिंदूचा आकडा वापरतात. हवा जितक्या अंशांपर्यंत थंड केली की तिच्यातली वाफ पाणी होऊन बाहेर पडू लागते, तो दवबिंदू. आकडा मोठा म्हणजे हवेत पाणी जास्त. कोकणात पावसाळ्यात तो २५ अंशांच्या आसपास असतो. इथे ऑगस्टच्या दमट रात्री तो ३० पर्यंत जातो. इथला समुद्र म्हणजे एक आखात; त्याच्याच काठी, सौदी अरेबियातल्या धहरानला, ८ जुलै २००३ रोजी तो ३५ नोंदला गेला आणि जगातल्या नोंदींत तोच सगळ्यांत वरचा मानतात.

आता हिशेब करू, पेन्सिल घे गो. तुमची झोपायची खोली चार मीटर लांब, चार रुंद, तीन उंच. दवबिंदू ३० असताना बाहेरची तेवढी हवा आत कोंडली, तर तिच्यात जवळजवळ दीड लिटर पाणी निघेल. वेंगुर्ल्याची पावसाळी हवा तेवढीच घेतली तर निघेल एक लिटरहून जरासं जास्त.

"म्हणजे इथे पाणी जास्त आहे?" 

आहे ना.

"मग पाऊस पडायलाच पाहिजे!"

इथेच तर गोष्ट सुरू होते. पाऊस पडायला हवेत पाणी लागतंच, पण तेवढ्याने भागत नाही. ती हवा वर चढावी लागते. वर गेली की तिच्यावरचा दाब कमी होतो, ती फुगते, फुगली की थंड होते, दर किलोमीटरला सुमारे १० अंश. थंड होता होता दवबिंदू गाठला की वाफेचे थेंब होतात, थेंबांचा ढग होतो. न चढणाऱ्या हवेत कितीही पाणी असो, ते तुमच्या आजोबांचा चष्मा भिजवेल, अंगण भिजवणार नाही.

वेंगुर्ल्याची हवा वर कशी चढते, ते आधी सांगतो.

तो वारा निघतो खूप लांबून, विषुववृत्ताच्या पलीकडून, मॉरिशसच्या बाजूच्या समुद्रावरून. तिकडे तेव्हा हिवाळा असतो. वायव्येकडे सरकत तो आफ्रिकेच्या किनाऱ्याला येतो, तिथल्या डोंगरांना थटतो, केनिया-सोमालियाजवळ विषुववृत्त ओलांडतो आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे उजवीकडे वळतो. सोमालियाच्या किनाऱ्याला तर त्याला विलक्षण जोर येतो. जमिनीपासून दीड किलोमीटर उंचीवर तो ताशी ८०-९० किलोमीटरने धावतो. फाइंडलेटर नावाच्या एका ब्रिटिश हवामानतज्ज्ञाने १९६९ मध्ये या झोताचा नकाशा नीट मांडला, म्हणून शास्त्रज्ञांत तो त्याच्या नावाने ओळखला जातो. आपल्या खलाशांना तो दोनेक हजार वर्षं आधीपासून माहीत होता, पण नाव द्यायचं त्यांना सुचलं नाही.

हा वारा अरबी समुद्र तिरका कापतो. वाटेत पाणी उचलतो आणि कोकणात येतो, तर समोर सह्याद्रीची भिंत. जायला वाट एकच, वर. वेंगुर्ल्याला वर्षाला तीन मीटरच्या आसपास पाऊस पडतो. तीन मीटर म्हणजे या खोलीच्या तक्तपोशीपर्यंत. हाच वारा घाट चढून आंबोलीला पोचतो, तिथे सात मीटरच्या घरात. दुबईला किती, माहीत आहे? वर्षाला साधारण १०० मिलिमीटर, तोही नाही पडला तर कुणी तक्रार करत नाही.

"मग तो वारा इकडे का येत नाही?"

आला असता तर गंमत झाली असती. त्याची एक कड अरबस्तानाला चाटून जाते. ओमानमध्ये सलालाह नावाचं गाव आहे, इथून दक्षिणेला, समुद्रकाठी. तिथे जून ते सप्टेंबर धुकं, भुरभुर पाऊस, हिरवेगार डोंगर, आणि केळी-नारळाच्या बागा. तुमचे बाबा दोन वर्षांपूर्वी मला तिकडे घेऊन गेले होते, तेव्हा मी रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळं प्यायलो आणि क्षणभर मला वाटलं आता एसटी येईल. पण तिथून थोडं उत्तरेला गेलं, डोंगराची पाठ ओलांडली, की पुन्हा वाळू. पावसाची ती पट्टी तेवढीच. वारा पुढे आपल्याकडे निघून जातो.

आता इकडचं बघू. इथे जी हवा वर जायला बघते तिच्यावर झाकण बसलेलं असतं.

हे झाकणही हवेचंच. उन्हाळ्यात अरबस्तानावर फार उंचावरून हवा हळूहळू खाली उतरत असते. वर जाणारी हवा थंड होते तशी उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि तापते म्हणून आणखी कोरडी होते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं खालचं टोक हाताला चटका देतं ना, त्यातलं काही घासण्यामुळे असेल, पण बरंचसं दाबल्यामुळे. इथल्या आभाळात तेच चाललेलं असतं, फक्त काही किलोमीटर उंचीचं आणि महिनोन्‌महिने. समुद्रावरून आलेली दमट हवा या गरम, कोरड्या थराखाली अडकते. तिचा थर काही शे मीटर जाडीचा. तिला वर जायला वाव नाही, म्हणून ती खाली आपल्यातच घुटमळते, भिंतींना, काचांना, शर्टांना चिकटून. बुर्ज खलिफा ८२८ मीटर उंच आहे. अशा काही दिवशी त्याचं टोक चक्क झाकणाच्या वर, कोरड्या हवेत असतं आणि तळमजला घामात.

झाकण फुटतं ते पूर्वेला, हजर पर्वतावर. दुपारी उन्हाने डोंगर तापतात, ओमानच्या बाजूची दमट हवा तिथे चढते आणि अल ऐन, हत्ता या भागांत भर उन्हाळ्यात गडगडाट होऊन सर कोसळते. इथले लोक त्या उन्हाळी ढगांना रवाएह म्हणतात. अल बर्शातून संध्याकाळी कधी पूर्वेला लांब वीज चमकताना दिसते ना, ती तीच. आपल्यापर्यंत येते ती बहुधा तिने उडवलेली धूळ.

पण उंचावरची ही हवा मुळात का उतरते? आणि नेमकी उन्हाळ्यातच जास्त जोराने का? सूर्य तर इथेही जमीन भाजून काढत असतो. नुसत्या उन्हाच्या हिशेबाने हवा वर जायला हवी. हे कोडं बरेच दिवस शास्त्रज्ञांनाही छळत होतं. १९९६ मध्ये इंग्लंडातल्या रॉडवेल आणि हॉस्किन्स या दोघांनी त्याचं उत्तर मांडलं आणि ते वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून तुमच्या आजीला ऐकवायला स्वयंपाकघरात गेलो होतो.

भारतावर, बंगालच्या उपसागरावर मॉन्सूनचे ढग चढतात तेव्हा त्यांतली वाफ पाणी होते. पाणी उकळून वाफ करायला किती गॅस जळतो? वाफेचं पाणी होताना ती सगळी उष्णता परत बाहेर येते. सबंध मॉन्सूनची मिळून ती उष्णता केवढी असेल याचा विचार करा. ती उंच आभाळात मोकळी होते. तिच्या धक्क्याने वातावरणात एक प्रचंड लाट उठते आणि ती पश्चिमेकडे पसरते. त्या लाटेच्या प्रभावाखाली पश्चिमेची हवा खाली बसते, इथपासून थेट सहारा आणि भूमध्य समुद्रापर्यंत.

"म्हणजे वेंगुर्ल्यात पाऊस पडतो म्हणून आपल्याकडे पडत नाही?"

एकट्या वेंगुर्ल्याला दोष देऊ नकोस रे, गाववाल्यांना आवडणार नाही. आणि सगळंच काही मॉन्सूनचं काम नाही. या अक्षांशांवर जगभर हवा उतरतेच, सहाराही याच पट्ट्यात आणि राजस्थानचं थार वाळवंटही. अल बर्शा २५ अंश उत्तरेला, म्हणजे कर्कवृत्ताच्याही थोडं वर आहे. पण उन्हाळ्यात ते झाकण जे इतकं घट्ट बसतं, त्यात तिकडच्या पावसाचा हात आहे. तिकडचा आषाढ आणि इकडचा हा कोरडा जाळ ही एकाच यंत्राची दोन टोकं. काकूने फोनवर दाखवला तो पाऊस आणि खिडकीबाहेर दिसणारं हे पांढरट, बिनढगांचं आभाळ एकमेकांचे नातेवाईक आहेत.

आता समुद्राबद्दल. दोन्हीकडे समुद्र आहे असं तुम्ही म्हणालात, पण तो सारखा नाही.

आपल्या बाजूचा अरबी समुद्र जूनमध्ये वाऱ्याने पार ढवळून निघतो. खालचं थंड पाणी वर येतं, ढगांमुळे ऊनही लागत नाही, त्यामुळे मे महिन्यात कढत झालेलं पाणी पावसाळ्यात निवतं. या काळात लाटा किनारा खातात. सागरेश्वरची वाळू ज्येष्ठात बघावी आणि मार्गशीर्षात बघावी, ओळखू येणार नाही; गेलेली वाळू हिवाळ्यात समुद्र पुन्हा आणून टाकतो. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात, रापणी बंद. माझ्या लहानपणी मुंबईची आगबोटही मे सरता सरता थांबायची ती पाऊस संपल्यावरच पुन्हा शिट्टी द्यायची. आगोटीला, म्हणजे पावसाच्या तोंडावर, तुमची पणजी तांदूळ, सुकी मासळी, आमसुलं, लाकडं असं सगळं घरात घ्यायची, कारण मग चार महिने कुणी कुठे जायचं नाही.

इथलं आखात म्हणजे उथळ पाणी. सरासरी खोली जेमतेम ३५ मीटर, दहा-बारा मजली इमारत उभी केली तर गच्ची कोरडी राहील. बाहेरच्या महासागराशी संबंध फक्त होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून. त्यामुळे ते लवकर तापतं आणि लवकर निवतं. जानेवारीत २१-२२ अंश, ऑगस्टमध्ये ३४. एवढ्या गरम पाण्यात पोहून कुणाला गार वाटणार? म्हणून २०२३ पासून उम सुकैमला आणि जुमेराला रात्री दिवे लावून पोहण्याची सोय केली आहे. ऑगस्टमध्ये या गावाची चौपाटी रात्रीची असते, हे मला आधी विचित्र वाटायचं. आता मीच तुमच्या बाबांना सांगतो, जेवून निघू.

या आखातातून दर वर्षी दीड ते दोन मीटर उंचीचं पाणी वाफ होऊन उडतं. पाऊस आणि नद्या मिळून त्याची भरपाई होत नाही. मग आखात आटत का नाही? कारण होर्मुझमधून वरच्या अंगाने महासागराचं ताजं पाणी आत येतं आणि आतलं खारट, जड झालेलं पाणी तळाने बाहेर सरकतं. एकाच दारातून वरून येणं आणि खालून जाणं. आपल्या गावच्या समुद्रात एक लिटर पाण्यात ३५-३६ ग्रॅम मीठ, तर इथे ४० च्या आसपास. जीभ लावून बघा, पण आईला सांगू नका मी सांगितलं म्हणून.

आणि बघा, कोकणात दर्या बंद व्हायचा त्याच महिन्यांत इथे तो उघडायचा. आखातात मॉन्सूनचा खवळा पोचत नाही, पाणी उबदार असतं, म्हणून जून ते सप्टेंबर हा इथल्या मोती काढणाऱ्यांचा मोठा हंगाम. सगळे पुरुष बोटींवर, महिनोन्‌महिने. पाणबुडे नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून तळाशी जायचे. त्यातले पुष्कळ मोती पुढे मुंबईच्या बाजारात विकले जायचे. तेव्हा दुबई म्हणजे खाडीच्या तोंडाशी वसलेलं एक लहानसं बंदर होतं आणि अल बर्शाच्या जागी वाळू. बायकामुलं उन्हाळ्यात खजुराच्या झावळ्यांच्या झोपड्यांत राहायची किंवा आत ओअॅसिसकडे जायची. श्रीमंतांच्या घरांवर वाऱ्याचे मनोरे असायचे, त्यांना बर्जील म्हणतात. अल फहिदीत आपण बघितले ते. चारही बाजूंनी उघडा मनोरा, कुठूनही आलेला वारा पकडून खालच्या खोलीत सोडायचा.

तो वारा रोजचाच. तुमच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे शिकवले असतील. दिवसा जमीन तापते, तिच्यावरची हवा उठते, जागा भरायला समुद्रावरून वारा येतो, तो खारा. रात्री जमीन आधी निवते, मग वारा उलटा वाहतो, तो मतलई. वेंगुर्ल्यात हिवाळाभर याच दोन वाऱ्यांवर होड्या चालायच्या. पहाटे मतलईवर बाहेर, दुपारी खाऱ्यावर परत. अल बर्शात दुपारनंतर वायव्येकडून जो ओलसर वारा सुटतो, तोही खारा वाराच. सकाळी आतून, वाळवंटाकडून येणारी हवा भट्टीची पण कोरडी, तर दुपारची थोडी कमी गरम पण ओली. यातली वाईट कोणती? माझं मत सांगतो: ओली. कोरड्या ४५ अंशांत घाम वाळतो आणि अंग थोडं तरी थंड होतं. ओल्या ३८ अंशांत घाम नुसता ओघळतो, वाळत नाही, आणि वाळला नाही तर त्याचा काही उपयोग नाही. समोरच्या इमारतीच्या कामावरचे लोक दुपारी साडेबारा ते तीन सावलीत बसलेले दिसतात ना? १५ जून ते १५ सप्टेंबर उन्हातलं काम त्या वेळेत बंद ठेवायचा इथे नियमच आहे. आणि त्यांच्यापासून दहा मिनिटांवर मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये तुम्ही शून्याखालच्या बर्फात घसरगुंडी खेळता. मी याबद्दल जास्त बोलत नाही, तुमची आई म्हणते मी मुलांची मजा घालवतो.

बरं. हा उकाडा संपणार कधी?

इथले जुने लोक त्याचं उत्तर आभाळात शोधायचे. २४ ऑगस्टच्या सुमाराला पहाटे, दक्षिणेला अगदी खाली, एक तेजस्वी तारा पहिल्यांदा दिसतो. त्याला ते सुहैल म्हणतात. सुहैल दिसला की रात्री निवू लागतात असा त्यांचा अनुभव, आणि त्यांचं वर्ष तिथूनच सुरू होतं. त्या दिवसापासून दहा-दहा दिवस मोजत जायचे, प्रत्येक दहाला एक दरूर. कुठल्या दरूरात वारा फिरतो, कुठल्यात मासे येतात, खजूर कधी उतरवायचा, सगळं त्यावर. आपली नक्षत्रं अशीच की. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, प्रत्येकी तेरा-चौदा दिवसांची. तुमचे पणजोबा तारीख विचारत नसत, नक्षत्र विचारत.

आणि सुहैल म्हणजे आपला अगस्त्य. व्याधानंतर आभाळातला सगळ्यांत तेजस्वी तारा. त्या ऋषीने समुद्र पिऊन टाकला ही गोष्ट तुम्हाला आजीने सांगितली आहे. आपल्याकडेही अगस्त्य उगवला की पाऊस ओसरतो आणि गढूळ पाणी निवळतं असं मानतात. एकाच ताऱ्यावर दोन्ही किनाऱ्यांनी खूण बांधली, तिकडे पावसाच्या शेवटाची, इकडे उन्हाच्या. ताऱ्याला अर्थात यातलं काही ठाऊक नाही. सूर्य दक्षिणेला सरकत असतो म्हणून दिवस आखडतात, आणि तो तारा त्याच दिवसांत सूर्याच्या तेजातून बाहेर पडतो, एवढाच संबंध. समुद्र निवायला त्याहून उशीर लागतो. सप्टेंबरातही माझा चष्मा पांढरा होणारच.

तो तारा बघायला हात लांब करून मूठ धरायची. मूठ म्हणजे साधारण १० अंश. अल बर्शातून अगस्त्य जास्तीत जास्त १२ अंश वर येतो, म्हणजे क्षितिजापासून जेमतेम एक मूठ. त्यामुळे मध्ये एक टॉवर आला की संपलं. वेंगुर्ल्यातून तो दोन मुठी वर चढतो, कारण ते इथून नऊ अंश दक्षिणेला आहे. त्याचा जो प्रकाश आज आपल्या डोळ्यांत शिरतो तो तिथून साधारण ३१० वर्षांपूर्वी निघालेला. श्रीवर्धनचे बाळाजी विश्वनाथ त्याच सुमाराला पेशवे झाले होते.

मग येतो हिवाळा. या गावाचा खरा मोसम तोच. नोव्हेंबर ते मार्च अख्खी दुबई वाळूवर असते. दिवसा खाऱ्या वाऱ्याने आणलेला ओलावा, रात्री निरभ्र आभाळाखाली झपाट्याने निवणारी वाळू, आणि वारा पडलेला. मग पहाटे असं धुकं पडतं की समोरची मेट्रो फक्त ऐकू येते. फोटोंमध्ये ढगांवर मनोरे उगवलेले दिसतात, ते याच सकाळचे.

पाऊसही तेव्हाच. हा पाऊस वेंगुर्ल्याच्या पावसाचा कुणी नव्हे. तो भूमध्य समुद्राकडून येतो. तिकडून पश्चिमी झंझावात निघतात, आखातावरून जातात, जाता जाता इथे दोन-चार सरी टाकतात आणि पुढे इराण, पाकिस्तान करत हिमालयात बर्फ पाडतात. त्यांच्या मागोमाग उत्तरेची थंड हवा महाराष्ट्रात उतरते. निफाडला द्राक्षवाले शेकोट्या पेटवतात आणि कोकणात हापूस मोहोरतो. एप्रिलमध्ये इथल्या दुकानात तुम्ही पेटी फोडता, तिच्या मोहोराला जी थंडी लागली तिची वाट कधी कधी तुमच्याच खिडकीवरून गेलेली असते. दर अचाट लावतात मात्र. गावात मी तेवढ्या पैशांत झाड विकत घेईन.

"आणि तो मोठा पाऊस?"

१६ एप्रिल २०२४. तुमचे बाबा त्या रात्री ऑफिसातच झोपले होते. १९४९ पासून इथे नोंदी ठेवतात, त्यांत एवढा पाऊस कधी नाही. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे एका दिवसाच्या आत २५४ मिलिमीटर. दुबईच्या विमानतळावर १४० हून जास्त, म्हणजे वर्षाच्या सरासरीहून अधिक, आणि धावपट्टीवर विमानं पाण्यात उभी. शेख झायेद रोडवर गाड्या तरंगत होत्या. वेंगुर्ल्याला जुलैत असा दिवस आला तर लोक छत्री घेऊन बाजाराला जातात. मुंबईने तर २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर बघितला. पण आपल्याकडे ओढे, वहाळ, खाडी आहेत, पाण्याला वाटा आहेत. इथे पाण्याला कधी वाट लागतच नव्हती.

तेव्हा जगभर बोभाटा झाला की ढगांत मीठ फवारून हा पाऊस पाडला. इथे तसे प्रयोग होतात, विमानातून मिठाच्या नळ्या पेटवतात, हे खरं. पण त्या वादळात अशी उड्डाणं केली नव्हती असं इथल्या हवामान केंद्राने सांगितलं. आणि पहिल्यापासून आपण काय बोलतोय? हवा चढल्याशिवाय ढग नाही. मीठ फवारून आधीच असलेला ढग थोडा जास्त पिळता येईल, नसलेला ढग उभा करता येणार नाही. त्या दिवशी काय झालं, तर उंचावरून उत्तरेची थंड हवा या भागावर खोलवर घुसली आणि रेंगाळली, खाली दक्षिणेच्या समुद्राची गरम दमट हवा ओढली गेली. एप्रिलमध्ये मॉन्सूनचं झाकण अजून बसलेलं नसतं. थंडी वर, गरमी खाली; मग सगळं एकदम वर उसळलं.

आता शेवटचा मानकरी, शमाल. वायव्येकडून, इराकच्या मैदानांवरून येणारा वारा. जून-जुलैत तो दिवसेंदिवस वाहतो आणि टायग्रिस-युफ्रेटिसच्या काठची धूळ इथे आणतो. तुमची आई त्याला शिव्या देते, कारण खिडक्या बंद असूनही टेबलावर बोटाने नाव लिहिता येतं. पण ही धूळ इथे थांबत नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये असंच वादळ आलं, दुबई करडी झाली आणि काही दिवसांत ती धूळ मुंबईवर जाऊन बसली.

मॉन्सूनच्या दिवसांत ती अरबी समुद्रावर जाते तेव्हा मात्र वेगळंच घडतं. धुळीचे कण ऊन शोषतात, त्यामुळे समुद्रावरची हवा तापते, तिकडे हवा ओढली जाते आणि भारताकडे जाणारा दमट वारा जोर धरतो. विनोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवलं: पश्चिम आशियावर धूळ वाढली की साधारण आठवड्याभरात भारतातला पाऊस वाढतो. तिकडचा पाऊस इकडे हवा खाली बसवतो, कोरडी जमीन धूळ उडवते, आणि ती धूळ तिकडचा पाऊस वाढवते.

"म्हणजे काल काकूकडे पडला तो आपण पाठवलेला?"

थोडासा. काकूला तसं बिल पाठवू नकोस.

"मग आजोबा, बाल्कनीतली धूळ पुसायची नाही ना? ती पावसाला लागते."

जी पावसाला लागते ती केव्हाच उडून गेली, गो बाय. ही मागे राहिलेली. फडकं सिंकखाली आहे, आणि भावालाही एक दे.